नॉट विलिंग

त्यांनी जॅकेट दोन बोटांत धरलं. कॉलरपाशी. मेलेला उंदीर शेपटीला धरून बाहेर टाकायला न्यावा तसं. सगळ्या हॉलला दिसेल एवढं वर केलं आणि माइकवर म्हणाले, "भाईसाब, ये स्कूल ट्रिप है. लेबर कॅम्प नहीं है."

हॉल हसला. मोठ्याने नाही. एसीत, गादीच्या खुर्चीवर बसून माणसं हसतात तेवढंच.

मी उभा होतो. हातात काळी पिशवी, तिच्यात आणखी तेरा जॅकेटं. बसावं की उभं राहावं, कळेना. बाजूच्या दारापाशी माझी मुलगी होती. नववीतली. छातीवर 'व्हॉलंटियर'चा बिल्ला, हातात पालकांना वाटायच्या फॉर्मचा गठ्ठा. ती हसली नाही. तिने मान खाली घातली आणि फॉर्म मोजायला लागली. मोजून झाले की पुन्हा पहिल्यापासून.

"खलास. नेक्स्ट पॉइंट," साहेब म्हणाले. जॅकेट टेबलाखाली गेलं.

ही रियाधमधली आमची भारतीय शाळा. सगळ्यांची म्हणतात ती. फी सगळ्यांकडून घेतात, इंजिनियरकडून आणि ड्रायव्हरकडूनही. त्या शनिवारी पालकसभा होती, विषय एकच: आठवी ते दहावीच्या मुलांची जॉर्जियाची सहल. सुट्टी लागण्याआधीचा आठवडा. बर्फ, डोंगर, पायाला पट्ट्या बांधून घसरायचं, स्कीइंग. सभेला सगळ्या पालकांनी यायचंच, असं परिपत्रकात लिहिलं होतं. मी ड्युटीवरून दोन तास मागून घेऊन आलो होतो.

साहेब पुण्याचे. पेट्रोकेमिकलमधले इंजिनियर, पालक समितीवरचे, ट्रिप त्यांच्याच हातात. मी चिपळूणकडचा हे त्यांना चांगलं ठाऊक आहे. दरवर्षी गणपतीत एकाच घरी, एकाच आरतीला आम्ही टाळ्या वाजवतो. पण त्या हॉलमध्ये माझ्याशी हिंदी. चारचौघांत मराठीत बोलले असते तर ओळख दाखवल्यासारखं झालं असतं.

मी अल सुलै भागातल्या एका कोल्ड स्टोअरमध्ये रेफ्रिजरेशन टेक्निशियन आहे. अकरा वर्षं झाली. बाहेर सेहेचाळीस, आत उणे बावीस. दिवसातून दहा-बारा वेळा मी त्या दारातून आत-बाहेर करतो. कॉईलवर बर्फ चढला की पंखा अडतो, पंखा अडला की माल मऊ पडतो, माल मऊ पडला की माझ्या नावाने बोंब. म्हणून मी रोज बर्फ काढतो. मिशी गोठते. पापण्या चिकटतात. बोटं बधिर होतात त्याचं काही वाटत नाही, बाहेर आल्यावर ती ठणकायला लागतात तेव्हा डोळ्यांत पाणी येतं. थंडी म्हणजे काय हे त्या हॉलमध्ये माझ्याएवढं कोणाला ठाऊक नव्हतं. मला वाटलं, याचा काही उपयोग होईल. चूक झाली ती इथेच.

परिपत्रकात खर्चाची यादी होती. विमान, हॉटेल, शिकवणारा, आणि 'विंटर गिअर', म्हणजे थंडीचे कपडे. बेरीज वाचून मी ते परिपत्रक उलटं करून ठेवलं. शेवटी एक ओळ होती: पालकांच्या सूचनांचं स्वागत आहे. सूचना मागवल्यात म्हणजे त्या हव्या आहेत, असं समजणारा माणूस मी.

मुलीने ट्रिपचं नावही काढलं नव्हतं. पण परिपत्रक तिच्या डब्याच्या पिशवीत घडी घालून आठवडाभर फिरत होतं. फेकायचं असतं तर तिने पहिल्याच दिवशी फेकलं असतं.

आमच्याकडे फ्रीझर जॅकेटं दर दोन वर्षांनी बदलतात. जुनी काही वाईट नसतात. कुठे चेन गेलेली, कुठे अस्तर उसवलेलं. स्टोअरकीपर केरळचा आहे. त्याला विचारलं तर म्हणाला, "ले जाओ भाई, बच्चों के काम आएगा." लहान मापाची चौदा निवडली. बायकोने दोन शुक्रवार घालवले त्यांच्यावर. कोंबडीच्या खोक्यांचा वास जाईपर्यंत धुतली. चेनी बदलल्या. आणि छातीवर भरतकामात कंपनीचं नाव होतं, ते तिने सुईने एकेक टाका उसवून काढलं. मी म्हटलं, राहू दे की. ती म्हणाली, "नको ओ. उद्या पोरांना कोण काय बोलायला नको." एवढा विचार तिने केला होता. खांद्यावरची चंदेरी पट्टी तेवढी निघेना, ती शिवणीतच घेतलेली होती. हॉलमध्ये साहेबांनी नेमकी ती पट्टीच सगळ्यांकडे वळवून दाखवली.

माझा विचार साधा होता. कपडे फुकट मिळाले तर खर्च उतरेल. खर्च उतरला तर आणखी चार पोरं जातील. त्या चारांत माझी असेल. स्वार्थ होताच, नाही कशाला म्हणू?

ती दोन बोटं मी आधी पाहिली होती. गावात आईबरोबर भात झोडायला जायचो. काम झालं की चहा मिळायचा. आईचा कप घरात नसायचा, गोठ्याच्या वळचणीला असायचा. तिनेच काढायचा, तिनेच धुवायचा, तिनेच परत ठेवायचा. कधी मालकीणबाईंना तो हलवावा लागला तर त्या अशाच धरायच्या. दोन बोटांत. मी आयटीआय केलं, समुद्र ओलांडला, मला वाटलं ती बोटं मागे राहिली. ती माझ्या आधीच विमानात बसून इथे आली होती.

सभा संपली. टेबलाखालचं जॅकेट मी स्वतः वाकून काढलं. कोणी उचलून दिलं नाही. गाडीत, सिग्नलला थांबलो तेव्हा मुलगी खिडकीबाहेर बघत म्हणाली, "बाबा, आय डोन्ट ईव्हन लाइक स्नो."

घरी आल्यावर तिने फॉर्म माझ्यापुढे ठेवला. प्रत्येक पालकाने भरून द्यायचाच असा फॉर्म. शाळेच्या रेकॉर्डसाठी. त्यात दोन चौकटी. 'विलिंग'. 'नॉट विलिंग'. इच्छा आहे. इच्छा नाही. तिसरी चौकट नाही. तिने पेन्सिलीने 'नॉट विलिंग'वर खूण करून ठेवली होती. फिकट. मी वरून पेन फिरवायचं आणि सही करायची, एवढंच काम तिने माझ्यासाठी शिल्लक ठेवलं होतं.

"बाबा, जस्ट साइन ना."

मी पेन उघडलं. आणि माझ्या हाताला काही केल्या ती रेघ ओढवेना.

बूट घेऊ या का? "नको, चालतायत." शॉर्मा खायचा? "नको, भूक नाही." वाढदिवसाला मैत्रिणींना बोलव. "नको, बोअर होतं." आम्ही नवरा-बायको कौतुकाने लोकांना सांगायचो, आमची पोर भारी समजूतदार, कधी काही मागत नाही. समजूतदार! चौदा वर्षांची पोर. तिला भूक लागत नाही, तिला बूट नकोत, तिला मैत्रिणी नकोत, तिला बर्फ आवडत नाही. आणि परिपत्रक डब्याच्या पिशवीत. आम्ही घरात बसून तिला खोटं बोलायला शिकवलं होतं आणि त्याला चांगलं वळण म्हणत होतो. मला माझीच लाज वाटली.

मी सही केली नाही. सोमवारी पुन्हा दोन तास मागितले. सुपरवायझरने तोंड वाकडं केलं, पण दिले. शाळेच्या ऑफिसात कोऑर्डिनेटर मॅडम होत्या. बाई वाईट नव्हत्या. खुर्ची दिली, पाणी दिलं. मी म्हटलं, मॅडम, ज्यांना परवडत नाही त्यांनी कुठे खूण करायची? त्यांना प्रश्नच कळला नाही. म्हणाल्या, "सर, वी हॅव नेव्हर स्टॉप्ड एनीवन." आणि पुरावा म्हणून कपाटातून मागच्या वर्षीची फाइल काढून माझ्यापुढे ठेवली. अभिमानाने. बघा, ज्यांची इच्छा होती ते सगळे गेले. बाकीच्यांनी स्वतः लिहून दिलंय.

मी पानं उलटत गेलो. नॉट विलिंग. नॉट विलिंग. नॉट विलिंग. नावं ओळखीची. आमच्या बिल्डिंगमधला टेलर. शाळेच्याच बसवरचा ड्रायव्हर. सुतारकामाचा फोरमन, रत्नागिरीचा. सगळ्यांच्या सह्या. एकालाही इच्छा नाही. एकाच्याही पोराला बर्फ बघायचा नाही. आणि मग माझं नाव. माझीच सही. सकाळी गाडीत स्टीअरिंगवर कागद ठेवून केलेली, अक्षर हललेलं. मी वाचलंसुद्धा नव्हतं.

साहेब आमच्यावर वर्षातून एकदा हसतात. ही फाइल वर्षभर कपाटात बसून सांगते की आम्हालाच काही नको असतं. आणि ती आम्ही आमच्या हाताने भरलेली. तिथे त्या खुर्चीत माझं डोकं तापलं. साहेबांवरचा राग लहान वाटायला लागला. हा राग मोठा होता आणि त्यात मीही होतो.

मी फॉर्म टेबलावर सरळ केला. पेन्सिलीची खूण खोडरबराने पुसली, मॅडमकडूनच मागून घेतलं. 'विलिंग'वर पेनाने खूण केली. खाली मोकळ्या जागेत मराठीत लिहिलं. माझं इंग्रजी मोडकं आहे, आणि जे म्हणायचं ते मोडून म्हणायचं नव्हतं. लिहिलं: मुलीला जायचं आहे. आम्हाला परवडत नाही. शाळा सगळ्यांची आहे, मग ही सहल कोणाची आहे?

"व्हॉट इज धिस?" मॅडमनी विचारलं. त्यांना मराठी येत नव्हतं.

"समितीचे साहेब वाचून सांगतील," मी म्हटलं. "उनको मराठी आती है."

दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी साहेबांचा फोन आला. मी जेवत होतो, म्हणून स्पीकरवर टाकला. समोर मुलगी, बाजूला बायको. साहेब मराठीत बोलत होते. पहिल्यांदा.

"अहो, तुम्ही आधी सांगायचंत ना! आपलीच मुलगी आहे. आम्ही चार जण मिळून तिची सीट करतो. कुणाला कळायचंसुद्धा नाही."

मी काही बोलायच्या आत पुढे म्हणाले, "फक्त तो फॉर्म तेवढा बदलून द्या. रेकॉर्डला बरं दिसत नाही ते."

मी मुलीकडे बघितलं. फोनवर हात ठेवून विचारलं, "तुला जायचंय?"

ती 'नको' म्हणणार होती. ओठ तसे झाले होते. मग तिने बायकोकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाली, "हो." आणि जरा थांबून, "खूप."

किती वर्षांनी तिने काही मागितलं होतं!

मी हात काढला. म्हटलं, "साहेब, सीट द्या. तिला जायचंय. उपकार मानीन. पण फॉर्म बदलणार नाही. जे लिहिलंय ते खरं आहे."

"असं कसं? मग उद्या बाकीचे पण तसंच लिहितील."

"लिहू देत की."

"मग नाही जमणार हो. खलास." फोन बंद.

बायको म्हणाली, "कागदच होता ओ एक. बदलला असता तर काय झालं असतं?" तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही. तिला पोरीचा चेहरा दिसत होता. मलाही दिसत होता. मुलगी ताटावरून उठली, आत गेली, आणि पुढचे चार दिवस माझ्याशी एक शब्द बोलली नाही. सकाळी शाळेत सोडताना गाडीत मागे बसायची. एरवी ती पुढे बसते.

मी कोणाला वाईट म्हणू? एक सही दिली असती तर ती गेली असती. हे मला अजून टोचतं. पण माझ्या त्या सहीवर ती गेली असती तर तिला जन्मभर वाटलं असतं की 'हो' म्हटल्यावर आधी काहीतरी खोटं लिहून द्यावं लागतं. ते मला द्यायचं नव्हतं तिला.

कामावरचा एक जण, भला माणूस, सगळं ऐकून म्हणाला, "अरे, एक दिवस उसको इधर ले आ. फ्रीजर में बर्फ दिखा दे." त्याने मायेनेच म्हटलं. मी त्याच्यावर ओरडलो. माझी मुलगी गोठलेल्या कोंबड्यांच्या खोक्यांत उभी राहून बर्फ बघणार नाही. बाकीच्यांना डोंगर आणि आम्हाला गोदाम! आम्हीच असं म्हणायला लागलो तर मग साहेबांनी का म्हणू नये?

शुक्रवारी मी टेलरकडे गेलो, ड्रायव्हरकडे गेलो, फोरमनकडे गेलो. फॉर्म अजून द्यायचे होते. टेलरने विचारलं, "इकामे पे कुछ आएगा क्या?" आम्हाला प्रत्येक कागदात इकामा दिसतो. राहायचा परवानाच तो, तो गेला की सगळं गेलं. मी म्हटलं, शाळेच्या फॉर्मचा आणि इकाम्याचा काय संबंध? फोरमन म्हणाला, "उगाच कशाला डोळ्यावर येतोस? तुझ्या पोरीला तिथेच शिकायचंय." ड्रायव्हरने दार लावून घेतलं, कारण त्याची नोकरीच शाळेत. शेवटी टेलरने लिहिलं. फोरमननेही लिहिलं, तीनदा नाही म्हणून. आणखी तिघांनी. पाच फॉर्म माझ्यासारखे गेले.

ट्रिप गेली. त्या आठवड्यात शाळेत राहिलेल्यांचे तीन वर्ग एका खोलीत बसवले. दोन शिक्षक मुलांबरोबर बर्फात, त्यामुळे गणित बंद, विज्ञान बंद. ट्रिप परत आली. जिन्यापाशी फोटोंचा बोर्ड लागला. लाल, पिवळी जॅकेटं, गॉगल, हसरी पोरं. पोरांवर माझा राग नाही.

त्या दिवशी मुलगी घरी आली आणि दप्तर आपटून म्हणाली, "टीचरने सबके सामने पूछा, यू डिडन्ट वॉन्ट टू कम?" मग मराठीत, माझ्याकडे बघून, "मी सांगितलं, मला यायचं होतं. आमच्याकडे पैसे नव्हते. सगळा क्लास गप्प झाला. सगळे माझ्याकडे बघत होते, बाबा. हेच हवं होतं ना तुम्हाला?"

ती रडत होती. संतापाने. मी जवळ घ्यायला गेलो तर तिने हात झटकला. मी 'शाब्बास' म्हणालो नाही. कोणत्या तोंडाने म्हणणार? मी तिथेच जमिनीवर बसून राहिलो, ती रडायची थांबेपर्यंत.

आता पुन्हा परिपत्रक आलंय. पुन्हा जॉर्जिया. फॉर्म बदललाय. आता तिसरी चौकट आहे: 'पर्सनल रीझन'. म्हणजे वैयक्तिक कारण. मॅडमनी फोन करून सांगितलं, पालकांच्या सूचनेवरून सुधारणा केली. आमच्या सहा कागदांचं त्यांनी हे केलं. परवडत नाही हे आता आमचं खाजगी दुखणं झालं.

फॉर्म मुलीनेच माझ्यापुढे आणून ठेवला. दहावीत आहे. या वेळी पेन्सिल नव्हती. तिन्ही चौकटींवर तिने पेनाने आडवी रेघ मारली होती आणि खाली इंग्रजीत लिहिलं होतं, की मला जायचं आहे, माझ्या वडिलांना हे परवडत नाही, आणि हे कारण वैयक्तिक नाही. मी एकेक शब्द लावून वाचला. अडलं तिथे तिला विचारलं. मग सही केली. टेबलावर कागद ठेवून, अक्षर न हलू देता.

उद्या शनिवार. सभा आहे. लोक मला विचारतात, ज्यांना परवडतं त्यांनी जाऊच नये का? जावं. विमानतळ सगळ्यांना उघडा आहे. आईबापांनी न्यावं, स्वतःच्या नावाने न्यावं. पण शाळेच्या नावाने नाही. शाळेचे शिक्षक नेऊन, उरलेल्यांचे तास बंद पाडून, आमच्याकडून 'इच्छा नाही' असं लिहून घेऊन नाही. शाळेला सहल काढायची असेल तर टेलरची पोर, ड्रायव्हरचं पोर, सगळी जातील अशी काढावी. वाळवंटात न्या, समुद्रावर न्या, दमामला न्या. ते जमत नसेल तर काढू नये. हे मी उद्या बोलणार आहे. मराठीत. साहेब हिंदीत सांगतील सगळ्यांना.

ते जॅकेट बायकोने काल पुन्हा धुतलं. अंगाला आखूड होतं, तरी मी ते घालून जाणार आहे, चंदेरी पट्टीसकट. पहिल्या रांगेत. आणि साहेब "खलास" म्हणतील तेव्हा मी खाली बसणार नाही.